काचेतून दहा मिनिटं

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलाय. मामेबहिणीला सांगलीत एकतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), आणि आईला दिवसातून एकदा, दहा मिनिटं, काचेतून दर्शन. मामा म्हणतात, डॉक्टरांचं बरोबर आहे, जंतुसंसर्ग झाला तर? मावशी म्हणते, तिला आत नेऊच नका, नळ्या बघून रडेल, दूध आटेल.

मी हे इंग्लंडात, लेस्टरमध्ये बसून वाचते. माझा मुलगा सात वर्षांपूर्वी इथेच एकोणतिसाव्या आठवड्यात झाला. पहाटे तीनला गेले तरी मला आत सोडत. चौथ्या दिवशी नर्सने वायरींसकट त्याला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. कानातलं मऊ हाड अजून धरलं नव्हतं, कान दुमडला की दुमडलेलाच राहायचा. मी तो बोटाने उलगडत बसायचे.

पण इथेही सगळं आलबेल नव्हतं. नवऱ्याची दोन आठवड्यांची रजा संपली, बाळ अजून पेटीतच. रात्री रिकाम्या घरात दूध काढायचा पंप लावून बसायचं. मग बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासणारा दहा प्रश्नांचा एक कागद आला. एक प्रश्न असा: काही बिघडलं की तुम्ही स्वतःला विनाकारण दोष देता का? मी 'कधीच नाही'वर खूण केली. विनाकारण कुठे होता? सातव्या महिन्यात मी सामानाच्या पिशव्या तीन जिने चढवल्या होत्या. (त्याने काही होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.) कागद फायलीत गेला. त्या दिवसांत मला हसवलं ते आत्याने, फोनवरून: "सातव्यातलं जगतं गं, आठव्यातलं नाही." शास्त्राच्या दृष्टीने शुद्ध थाप, पण जीव भांड्यात पडला.

ग्रुपवरच्या दुसऱ्या गटाला रजा हवी आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून अशा बाळांच्या दोन्ही पालकांना जास्तीची १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते. आपल्या कायद्यात आईला २६ आठवडे आहेत, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणातून आजारपण आलं तर आणखी एक महिना. बापालाही हवी, वाद नाही. पण रजा घेऊन बंद दाराबाहेर बसायचं?

मामांच्या जंतुसंसर्गाला उत्तर आपल्याच देशात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत अभ्यास केला, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यातलंच. जन्मल्यापासून आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्श्याने घटले, जंतुसंसर्गाचा संशयही कमी बाळांत आला. २०२१ साली हे छापून आलं. मुंबईच्या शीव रुग्णालयात तर डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच अशा बाळांसाठी दूधपेढी, म्हणजे आयांनी दान केलेल्या दुधाची पेढी, उभारली. मग सांगलीतल्या त्या दाराला कडी का?

काल रात्री बहिणीचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. "ताई, तिचे कान अजून पाहिले नाहीत मी. टोपी असते."