पांढरी पाचमधली घरघर

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा माणूस शेजाऱ्यांच्या लेखी गोंगाट करणारा असतो. तो स्वतः मात्र, निदान नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहत असेल तर, आपला बराचसा वेळ गोंगाट बंद करण्यातच घालवतो. अँप्लिफायर सुरू केला की एकही तार न छेडता ‘घूं’ असा आवाज येई आणि तारांवर हात ठेवताच तो निम्म्याहून खाली जाई. आईने ताबडतोब निदान केले : “लेकराला जवळ घेतलं की रडं थांबतं, तसंच आहे ते.” शास्त्रीय कारण याहून रूक्ष आहे. वाजवणाऱ्याचे शरीर घरातल्या विजेची खरखर अँटेनासारखी गोळा करून पिकअपला, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकावरच्या गुंडाळीला, पुरवत असते. तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजखालून गेलेल्या बारीक तारेमुळे गिटारच्या तारा अँपच्या सांगाड्याला, म्हणजे त्याच्या ग्राउंडला, जोडलेल्या असतात, म्हणून त्यांना हात लागला की ही खरखर तिकडे वळते.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना तो आवाज आवडला, ही माझी खरी अडचण होती. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून घरघर 50 आणि तिच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झवर लागते. खर्जातली पांढरी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, 98 हर्ट्झची. काकू पांढरी पाचमध्येच गातात, त्यामुळे तंबोरा न लावता रियाज होऊ लागला. फक्त “सूर जरासा चढा आहे रे, उतरवता येईल का?” अशी त्यांची विनंती होती. डिसेंबर 2013 मध्ये रायचूर–सोलापूर वीजवाहिनी जोडली गेल्यापासून देशातले सगळे विभागीय ग्रिड एकाच वारंवारतेवर चालतात. काकूंच्या सोयीसाठी काश्मीरपासून केरळपर्यंतची जनित्रे मंदावणे मला जमण्यासारखे नव्हते.

मित्रांचे सल्ले वेगळेच होते. एकाने केबल बदलायला सांगितली, दुसऱ्याने हमबकर बसवायला. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास हा पिकअप घडवला. त्यात दोन गुंडाळ्या आणि त्यांची चुंबके अशी उलटसुलट बसवतात की बाहेरून आलेली घरघर परस्परांत वजा होते आणि तारांचा आवाज मात्र बेरजेत राहतो. युक्ती सुरेख आहे, पण माझ्या गिटारीत एकेरी गुंडाळीचे पिकअप असून त्यांच्या खणखणीत आवाजासाठीच तर मी ती घेतली होती. तिसऱ्या मित्राने प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. त्याने कधीकधी आवाज खरोखरच जातो, मात्र अँपमध्ये बिघाड झाला तर वाजवणाराही जाऊ शकतो, हा तपशील त्याने सांगितला नाही.

मग मी पद्धतशीर तपास केला. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला, तरी आवाज होता. केबल उपसून काढली, तरी होता. म्हणजे गिटार निर्दोष ठरली. शिवाय अनवाणी उभे राहून तारांना हात लावला की बोटांत झिणझिण्या येत आणि चप्पल घातली की थांबत. आईच्या मते हे अशक्तपणाचे लक्षण होते आणि त्यावर तिने खारकेचे दूध सुरू केले.

शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने शंभर वॅटच्या दिव्याची एक तार फेजला आणि दुसरी सॉकेटच्या वरच्या, अर्थिंगच्या मोठ्या छिद्राला लावली. दिवा पेटला नाही. बोर्ड उघडून तो म्हणाला, “दादा, या भोकात काहीच येऊन नाही राहिलं. मांगं तारच नाही न!” तीन छिद्रांपैकी एक निव्वळ शोभेचे होते, आणि आजोबांच्या काळापासून सगळ्यांनी त्यावर अपार श्रद्धा ठेवली होती.

तार ओढली, पण तिला न्यायचे कुठे? अर्थिंगचा खड्डा अंगणातल्या फरशीखाली सापडला. मीठ आणि कोळसा भरलेला हा खड्डा ओला राहिला तरच कामाचा. नागपूरच्या मे महिन्यात मात्र काळ्या मातीला भेगा पडतात आणि तिचा रोध वाढत जातो. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओततो, आणि जाणारे-येणारे तिथे कुठले झाड लावले म्हणून विचारतात.

घरघर गेली. उरली ती कूलरच्या मोटरची भुणभुण, कारण एकेरी गुंडाळी तिचे चुंबकीय क्षेत्र थेट पकडते आणि तिथे अर्थिंगचा इलाज चालत नाही. गिटार एका विशिष्ट कोनात धरली की ती जवळजवळ नाहीशी होते. तो कोन साधायला मला दक्षिणेच्या भिंतीकडे तोंड करून बसावे लागते आणि काकूंना ते अशुभ वाटते. कूलर तासभर बंद ठेवण्याचा प्रस्ताव मी पंचेचाळीस अंशांच्या दुपारी मांडला, तेव्हा चर्चासुद्धा झाली नाही. इलेक्ट्रिशियनने पिशवी उचलता उचलता तोडगा दिला : “पाऊस लागू द्या न दादा. कूलर निघते, खड्ड्यालेही पाणी भेटते, मंग वाजवा आरामात.”