तोफ नाही हो, तुम्ही सरका

एकटा फिरणारा माणूस म्हणजे चालता-बोलता फोटो स्टुडिओ, असं आपल्याकडे कुणी ठरवलं? मुरुडचा जंजिरा, म्हणजे सिद्दी राज्यकर्त्यांचा समुद्रातला किल्ला, बघायला गेलो होतो. बघितले ते एका काकांचे मेहुणे.

राजपुरीहून शिडाची होडी निघाली. या किल्ल्याची खरी गंमत अशी, की होडी तटाला जवळजवळ टेकेपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळतच नाही. तो क्षण टिपायला मी मान वर केली आणि हातात फोन आला. "एकटेच ना? मग घ्या जरा आमचे." होडीवाला ओरडत होता, "पाऊण तासात परत या, नाहीतर राहा सिद्दीकडे!"

दरवाजावर पंजात हत्ती धरलेला शरभ, म्हणजे दंतकथेतला बलाढ्य प्राणी, कोरलाय. काका म्हणाले, "तो कुत्रा नको हं फोटोत." शरभाने इतक्या वर्षांत बरंच ऐकून घेतलं असेल, पण हे नसावं.

मग कलालबांगडी. ही तोफ बावीस टनांची सांगतात. तिच्यापुढे सगळं खानदान उभं. काकूंची ओढणी उडतेय, पोरगं तोफेवर चढून रडतंय.

"मेहुणे अर्धेच येतायत. जरा सरकवा की."

"काका, तोफ कशी सरकवणार?"

"तोफ नाही हो, तुम्ही सरका!"

सरकलो. मागे तट, त्यामागे समुद्र. अजून एक पाऊल आणि काकांना दुसरा एकटा माणूस शोधावा लागला असता. एवढं करून, "डोळे मिटलेत हिचे, परत."

याच किल्ल्यासाठी शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभा केला. संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून सेतू बांधायला घेतला. तरी जंजिरा हाती आला नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दी इथे टिकून होते. आता आपण होडीचे पैसे भरून थेट आत, आणि आल्या आल्या चुन्यावर बदाम कोरून त्यात बाण खुपसायचा. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याची तळी, हे एवढं अप्रूप. तळ्यात काय तरंगत होतं? कुरकुऱ्यांची पाकिटं. याचा मात्र कुणी फोटो काढायला सांगितला नाही. मी म्हटलं तेव्हा काका म्हणाले, "सरकार काही करत नाही हो." आणि हातातली रिकामी बाटली तटावर ठेवून दिली. ठेवली हं, टाकली नाही.

तेवढ्यात शिट्टी. पाऊण तास संपला.

परतीच्या होडीत काकांनी निकाल दिला, "किल्ल्यात विशेष काही नाही. सगळं पडलेलंच आहे." लांबवर पद्मदुर्ग दिसत होता. निदान तो तरी डोळे भरून बघू म्हणून वळलो, तर मेहुण्यांनी स्वतःचा फोन पुढे केला.

"यातही घ्या ना थोडे. दाजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, ते सगळे फुटतात."