पाटीवर मॉन्टेसरी, आत घोकंपट्टी

आपल्या नागपुरात धरमपेठ झालं, प्रतापनगर झालं, मनीषनगर झालं. पाटीवर सगळीकडे 'मॉन्टेसरी', आणि आत इवलाली लेकरं हाताची घडी घालून एबीसीडी घोकताहेत! 1907 मध्ये इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी रोममध्ये 'मुलांचं घर' ही आपली पहिली शाळा उघडली, ती यासाठी? त्यांची पद्धत काय, तर तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र, आपलं काम आपण निवडणार, हाताने करून शिकणार. इथे गुलाबी मनोरा, म्हणजे मुलांनी एकावर एक रचायचे ठोकळे, काचेच्या कपाटात, कुलूपबंद! मुलाने हात लावला तर "खराब होते ना जी." अहो, मग आणला कशाला? मिश्र वयाचा वर्ग विचारला, तर फीचा कागद पुढे. आणि नर्सरीला गृहपाठ! ज्या बोटांना अजून शर्टाचं बटण लावता येत नाही, त्यांना चार-चार पानं गिरवायला लावता?