तांदळाच्या डब्यातला फोन

गेल्या आठवड्यात रात्री जेवण उरकून मी फोन शोधू लागलो, तेव्हा तो तांदळाच्या स्टीलच्या डब्यात सापडला. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन सौर वादळ, फोन बंद करून लांब ठेवा' हा निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर आला होता आणि आईने तो टिळकवाडीच्या मावशीपासून खानापूरच्या आत्यापर्यंत सर्वांना पाठवूनही झाला होता. हा निरोप दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो, मजकूर तोच असतो, आणि तोच खुलासा पुन्हा पुन्हा करण्याचा मला आता मनस्वी वीट आला आहे.

हौशी रेडिओचा नाद असल्यामुळे मी रोज सकाळी चहाच्या आधी सूर्याचा अंदाज पाहतो. त्या दिवशी केपी निर्देशांक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा, २ च्या वर जाणार नव्हता. हा निर्देशांक ० ते ९ असतो, दर तीन तासांचा एक असे दिवसाचे आठ आकडे मिळतात, आणि वादळ म्हणायला तो निदान ५ व्हावा लागतो. शिवाय अंदाजाच्या तक्त्यातली वेळ जागतिक असते. तीत साडेपाच तास मिळवले की '२१ ते २४' हा रकाना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे अडीच ते साडेपाचचा होतो. एवढी शाळकरी बेरीज न करता माणसे घरोघर घबराट पसरवतात! मे २०२४ मध्ये केपी ९ पर्यंत गेला होता, लडाखमधल्या हानले येथून आकाश लालसर दिसले होते, आणि तरीही आमच्या गल्लीत एकाही फोनला काही झाले नव्हते.

निरोपाचे एक वेळ सोडून देऊ, पण ज्यांचा धंदाच तारांचा आहे त्यांनी तरी शुद्धीवर असावे. मागच्या महिन्यात दोन दिवस इंटरनेट बंद होते आणि तक्रार घेणाऱ्या गृहस्थाने आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, शेवटी मोडक्या मराठीत 'सौर वादळ आहे, सर' हेच कारण सांगितले. अहो, फायबर म्हणजे काच, तिच्यातून प्रकाश जातो, त्याला गल्लीत सौर वादळाने काय होणार? खाली उतरून पाहिले, तर गटारीसाठी जेसीबीने खणलेल्या चरात आमची काळी केबल तुटून लोंबत होती. फोटो पाठवला, त्यावर उत्तर आले, 'तक्रार नोंदवली आहे.'

उलट मध्यंतरी भर दुपारी सूर्यावर खरोखरच एम वर्गाची, म्हणजे मध्यम ताकदीची, ज्वाला उसळली, तिचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथवर पोहोचले, आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या, खालच्या थराने रेडिओच्या लघुलहरी शोषून घेतल्या आणि ७ मेगाहर्ट्‌झवर चाललेले माझे बोलणे अर्ध्या वाक्यात तुटले. त्या दिवशी ग्रुपवर एका मौंजीचे फोटो फिरत होते.

आईला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, 'डब्यात ठेवला म्हणूनच वाचला ना?' मी टाचणी घेऊन चार्जिंगच्या खाचेत अडकलेली तांदळाची कणी काढत बसलो.