पांढरीफटक

बाहुलीचं कारखान्यातलं तोंड पुसून नवं रंगवायचा छंद आहे मला. या वेळच्या तोंडाला अकरा रात्री. अकरा! त्यातल्या चार नुसत्या डाव्या डोळ्याच्या. आणि काल दुपारी साडेतीनला, शेवटचा थर, एकच राहिला होता, आणि बाईसाहेब पांढऱ्याफटक. तांदळाच्या पिठात तोंड खुपसून आल्यासारख्या. ज्यांनी बाहुलीवर कधी मॅट स्प्रे, म्हणजे रंग धरून ठेवणारा बिनचमकीचा पारदर्शक फवारा, मारलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी नाही मारला त्यांनी कृपा करून "ओल्या फडक्यानं पूस की" असं सुचवू नये. ते आमच्या सासूबाईंनी सुचवून झालंय.

पाऊस थांबला होता हो! चांगलं अर्धा तास ऊन होतं. श्रावणात डिचोलीत असं ऊन पडलं की अख्खी आळी वाळत घालायचे कपडे घेऊन गच्चीवर धावते, मी मुंडकं घेऊन धावले. खराट्याच्या चार हिरांना दोरा गुंडाळून त्यावर खोचलेलं मुंडकं एका हातात, दुसऱ्यात तो जपानी डबा, तोंडाला डबल फिल्टरचा मास्क. वीतभर अंतर ठेवून, हात हलता ठेवून, दोन फुसके. बस्स, दोनच. आधी कपाळावर साय धरली. मग नाकाच्या शेंड्यावर. मग गाल, ज्यांच्यावर खडूची पूड मी तीन वेळा फुंकर मारत मारत बसवली होती, विटेचा रंग, त्यावर जरासा आमसुली, कारण मला कारखान्यातली गुलाबी पोरगी नको होती, आपल्याकडची उन्हात रापलेली हवी होती. तेही गेले. डावा डोळा सगळ्यात शेवटी गेला. माझ्याकडे बघत बघत गेला.

का होतं ते मला तोंडपाठ आहे, शिकवू नका. फवाऱ्यातलं द्रावक भुर्रकन उडतं, रंगाचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते, थर दुधाळ. म्हणून तर प्रत्येक व्हिडिओत ती गोड आवाजाची बाई सांगते, "आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच मारा." साठ! अगो बाये, आमच्याकडे कपाटातल्या चपलांना हिरवी लव येते. मिठाच्या बरणीत ओहोळ वाहतो. पापड विस्तवावरून ताटात येईपर्यंत चामडं होतो. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथं, साठ टक्के आम्ही फक्त परीक्षेत बघतो.

आणि दुसऱ्या दमात तीच बाई म्हणते, "हवेशीर जागेत मारा हं, वाफ विषारी असते." म्हणजे खोली बंद करून एसीत मारला तर माझी फुफ्फुसं जातात आणि गॅलरीत मारला तर बाहुलीचं तोंड जातं. यावर त्या बाईकडे काय उत्तर आहे? "कोरड्या दिवसाची वाट बघा." वाट बघते. डिसेंबरची.

आता त्या डब्याचंही ऐकाच. मिस्टर सुपर क्लिअर म्हणतात त्याला. (क्लिअर! नावाला तरी जागायचं होतंस रे बाबा, पण चूक तुझी नाही, हे मी खाली कबूल करणार आहे.) दाबाखालचा ज्वलनशील डबा, विमानानं पाठवता येत नाही, म्हणून कुरियरवाले हात लावत नाहीत. तो मुंबईहून रात्रीच्या बसनं आला, क्लीनरच्या सीटखालून, आणि मी तो पहाटे पाच वाजता म्हापशाच्या स्टँडवर जाऊन, चहा पिणाऱ्या ड्रायव्हरकडून, चोरीचा माल घ्यावा तसा घेतला. नवरा गाडीत झोपला होता. किंमत त्याला अजून माहीत नाही. इथं लिहीत नाही.

त्याआधी शहाणपणा करून पाहिलाच होता. इथल्याच एका रंगाच्या दुकानात गेले, म्हटलं मॅट क्लिअर स्प्रे द्या. "मॅट कित्याक? शायनिंगवाला घ्या, गेटाक बरो दिसतलो." मला गेट रंगवायचं नव्हतं. मग आतून धूळ झटकून एक डबा काढला, "हो मॅटच." मॅट होता, नाही म्हणत नाही. पण रबरी व्हिनाइलवर तो कधी वाळलाच नाही. सहा महिने झाले, ती बाहुली अजून पाकातल्या शंकरपाळ्यासारखी चिकट आहे. गेल्या महिन्यात तिच्या हनुवटीला एक लाल मुंगी चिकटली ती तशीच राहिली. सौंदर्यतीळ म्हणून सोडून दिलाय.

आणि ते नेलपेंट रिमूव्हर! कारखान्याचं तोंड पुसायला साधं अ‍ॅसिटोन हवं, तर फार्मसीत मिळतं गुलाबी, गुलाबाच्या वासाचं, नखांना तुकतुकी आणणारं तेल घातलेलं. त्यानं पुसलं की भुवया जातात आणि तेलाचा तवंग राहतो, त्यावर पेन्सिल नुसती घसरते. शेवटी एकदा अस्सल मिळालं, तर त्या आनंदात मी बाहुलीचा हातही पुसून घेतला. डोकं मऊ व्हिनाइलचं, ते टिकतं. हात कडक प्लास्टिकचा. बोटं एकमेकांत विरघळली. आता ती कायम मूठ वळून असते. माझ्याकडे बघून वळलेली असावी.

हे सगळं कुठून डोक्यात शिरलं तेही सांगते. 2015 साली टास्मानियातल्या सोनिया सिंग या बाईंच्या ट्री चेंज डॉल्सचे फोटो सगळीकडे फिरत होते. टाकलेल्या ब्रॅट्झ बाहुल्यांचा भडक मेकअप पुसून त्यांना साध्यासुध्या शेजारच्या मुलींसारखी तोंडं रंगवायच्या त्या. मला वाटलं, हे तर सोप्पं आहे. पुसायचं आणि रंगवायचं. शाळेत चित्रकलेत मला बी ग्रेड होती!

मग कळलं की नुसत्या व्हिनाइलवर पेन्सिल बसत नाही, आधी मॅट थर हवा. मग पेन्सिल, मग थर, मग खडू, मग थर, मग पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक, मग पुन्हा थर. म्हणजे दर दोन पावलांवर हवामान खात्याची परवानगी. आणि दुसरा डोळा. दुसऱ्या डोळ्याविषयी मी काही बोलणार नाही, तुम्ही सगळ्यांनी तो काढलेला आहे.

माझी मागची बाहुली जरा तिरकं बघते, मान्य. पण नणंदेनं चारचौघांत, "वैनी, हिला चष्मा लागलाय काय?" विचारायची गरज नव्हती. मी तिला सांगितलं की 1959 साली बार्बी आली तीच तिरक्या नजरेची, आणि 1971 ची मालिबू बार्बी येईपर्यंत ती समोर बघतच नव्हती. तर नणंद म्हणते, "ती लाजून बघायची गो, ही भांडायला आल्यासारखी बघते."

कोपऱ्यावरच्या मावशींचं तर निराळंच. काड्यांवर खोचलेली पाच टकली मुंडकी स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवली होती. दोघींचे केस उपटून नवे ओवायचे होते, म्हणून टकली. मावशी आठवडाभर आमच्या दारावरून न जाता मागच्या वाटेनं देवळात जात होत्या. नंतर कळलं, त्यांनी सासूबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "घाड्याक दाखयलें काय तिका?" (घाडी म्हणजे भूतबाधा उतरवणारा.) आणि सासूबाईंनी "छे छे, तसलं काही नाही, छंद आहे" म्हणावं की नाही? त्या म्हणाल्या, "बघूया चवथीनंतर."

असो. कालचं तोंड घेऊन मी रात्री जेवले नाही. नवरा म्हणाला, "धुकं पडल्यासारखं दिसतंय, बरंय की, आंबोलीची आहे म्हणून सांग." मी त्याच्याशी बोलत नाही.

आज सकाळी चित्रशाळेत गेले, आमचा गणपती कुठवर आलाय बघायला. पत्र्यावर ताशा वाजावा तसा पाऊस, खाली तीसेक गणपती दाटीवाटीनं, मधे आडव्या वाशाला टांगलेले मोठे बल्ब. काका स्टुलावर बसून डोळे आखत होते. मी नुसती बघत उभी राहिले. ब्रश वाटीत, ब्रश कडेला, श्वास धरला, डावी वरची पापणी. लगेच उजवी वरची पापणी. मग श्वास सोडला. पुन्हा डावीकडची खालची, उजवीकडची खालची. मग दोन्ही बुबुळं. मिनिटाभरात गणपती माझ्याकडे बघायला लागला. सरळ. दोन्ही डोळ्यांनी.

मी विचारलं, काका, दुसरा डोळा पहिल्यासारखा कसा येतो? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "एक दोळो पुराय करून मागीर दुसरो करूंक वचूं नाका गो. दोनूय बराबर हाडचे." चार रात्री डाव्या डोळ्याच्या. चार! पापण्यांचे केस मोजून नऊ काढले होते मी त्या एका डोळ्याला, आणि मग उजव्या बाजूच्या कोऱ्या जागेकडे बघून रडले होते.

म्हटलं, आणि एवढ्या दमट हवेत तुमचं पांढरं पडत नाही? "पांढरें कशें पडटलें? उदकाचो रंग." हे बरोबर आहे, त्यांना माझ्यासारखा द्रावकाचा फवारा मारायचा नसतो. पण मग बल्बकडे बोट करून म्हणाले, "सुकूंक दी पयलीं. घाय कित्याक?"

घाई कशाला. आता घ्या, कबुली. हवेतली आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर आहे माझ्याकडे. वरवंट्याएवढाही नाही, पिवळा, गोल, त्यावर एक हसरा आणि एक रडका चेहरा. काल दुपारी मी गॅलरीत जाताना तो 84 दाखवत होता. रडका चेहरा. मी तो बघितला. बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग हायग्रोमीटर उचलून टेबलावर पालथा घातला आणि गेले. पुढच्या आठवड्यात बहीण मुंबईहून येणार होती, तिला बाहुली पूर्ण झालेली दाखवायची होती, कारण तिची मुलगी भरतनाट्यमची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालीय आणि माझ्याकडे दाखवायला चिकट बाहुली, मूठ वळलेली बाहुली आणि भांडकुदळ बाहुली. बस्स, एवढंच कारण.

दुपारी अ‍ॅसिटोन घेऊन बसले. साय निघाली, गाल निघाले, कापसाचा बोळा आमसुली झाला. ते नऊ केस पहिल्या पुसण्याला गेले नाहीत. काडीला कापूस गुंडाळून एकेक खरवडावा लागला. जे टिकायचं ते टिकलं नाही, जे पुसायचं ते सुटेना.

आता ती समोर कोरी करकरीत बसलीय. नवरा मघाशी डोकावून गेला आणि ही अशीच बरी दिसते म्हणाला. वीज दोनदा जाऊन आली. मी विजेच्या बिलाच्या पाठीमागे डोळे काढत बसलेय, जोडीजोडीनं, डावी पापणी, उजवी पापणी, श्वास धरून. अठरा जोड्या झाल्या. तिसऱ्या आणि अकराव्या जोडीला चष्मा लागणार नाही असं वाटतंय.

हायग्रोमीटर आत्ता 86. सुलटा ठेवलाय.