ग्वाल्हेरची थंडी आणि वाइनची द्राक्षं: फिरत्या मेसेजला उत्तर

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की इथला पारा एक-दोन अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे हवामान फ्रान्ससारखंच. वाइनची द्राक्षं थंडीतच पिकतात. अमेरिकेतल्या थंडी सोसणाऱ्या जाती लावल्या की पाल्याची, म्हणजे गोठवणाऱ्या दवाची, भीती नाही. पाला पडलाच तर धूर करा, पाणी मात्र देऊ नका. यावर विसंबून काही जण ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याकडे जमीन बघताहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

थंडीत द्राक्ष पिकत नाही, वेल सुप्तावस्थेत जाते. फ्रान्समध्ये घड भरतात उन्हाळ्यात, काढणी साधारण सप्टेंबरात. आपल्याकडे जानेवारीत छाटलेली वेल मे-जूनमध्ये पिकेल, पारा 45च्या आसपास असताना. त्या उन्हात मण्यातलं आम्ल झपाट्यानं घटतं, साखर चढते, काळ्या जातींना रंग धरत नाही. ग्वाल्हेरची खरी अडचण ही आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

आता थंडी सोसणाऱ्या जाती. मिनेसोटा विद्यापीठाच्या फ्रॉन्टेनॅक, मार्केट (Marquette) या जाती उणे 30च्या आसपासही तगतात. पण सुप्त असताना युरोपीय जातीही उणे 15पर्यंत सहसा टिकतात. आपल्या एक-दोन अंशांनी त्यांचं काय बिघडणार? नुकसान होतं ते वेलीचे डोळे, म्हणजे अंकुर, फुटल्यावर. कोवळी फूट उणे 2च्या आसपासच करपते, मग जात कोणतीही असो. मार्केट तर लवकर फुटते, म्हणून वसंतातल्या पाल्यात तीच आधी सापडते. फ्रान्समध्ये 2021च्या एप्रिलमध्ये हेच झालं: मार्चच्या उबेनं वेली फुटल्या आणि मागून पाला आला.

थंडीनं नुकसान झालंय का हे बघायचं तर डोळा ब्लेडनं आडवा कापून पाहा. आत तीन कोंब असतात. हिरवा दिसला तो जिवंत, काळपट दिसला तो मेलेला. मधला मुख्य कोंब गेला तर बाजूचा फुटतो, पण घड कमी लागतात. कोवळी फूट अशी करपते म्हणूनच नाशिकसारखी ऑक्टोबर छाटणी इथे करू नका. ऐन जानेवारीत कोवळा माल उघड्यावर राहील.

धुराचा उपयोग फार थोडा. रात्री जमिनीतून निघून जाणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. शेकोटीची धग तेवढी कामाची. आणि पाणी? निफाडचे बागायतदार थंडीच्या पहाटे बागेला पाणी देतात, आपल्याकडे मोहरीलाही हलकं पाणी देतातच. ओली जमीन दिवसा ऊब साठवते, रात्री सोडते. फ्रान्सच्या शाब्ली भागात तर वेलींवर पाण्याचे फवारे चालवतात: एक ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या आवरणातली फूट शून्याच्या जवळ राहते. मात्र बर्फ वितळेपर्यंत फवारे थांबता कामा नयेत. मध्येच वीज गेली तर ओली फूट कोरडीपेक्षा जास्त गारठते. रात्रभर विजेची खात्री नसेल तर फवाऱ्यांच्या फंदात पडू नका, आणि जमीन घ्यायचीच असेल तर नाल्याकाठचा खोलगट तुकडा सोडून उताराची घ्या. गार हवा जड, ती खोलगटातच साठते.