आकडा नाचतो तो थर्मल नॉईजमुळे? छे!

बेळगावात, उद्यमबागेतल्या आमच्या मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. सार एवढंच: भट्टीच्या इंडिकेटरवर आकडा नाचतो तो थर्मल नॉईजमुळे, उन्हाळ्यात तो वाढतो, म्हणून कार्डावरचे कार्बन रेझिस्टर काढून मेटल फिल्मचे घाला, शिल्ड केबल (धातूच्या जाळीत गुंडाळलेली) ओढा आणि सेन्सरचा करंट दहापट करा.

थर्मल नॉईज खरा आहे: रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने सैरावैरा हलतात, त्यातून उठणारी व्होल्टेजची बारीक थरथर. १९२८ साली बेल लॅबच्या जॉन्सनने त्याची मोजणी छापली, नायक्विस्टने त्याच वर्षी गणित मांडलं. पण तो असतो किती, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदाही मोजलेलं दिसत नाही.

टेंपरिंग भट्टीतला (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवायची भट्टी) पीटी-१०० घ्या, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स वाढणारा प्लॅटिनमचा सेन्सर. २१० अंशांना त्याचा रेझिस्टन्स होतो साधारण १८० ओहम. १० हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये (मोजणीत येणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) त्याचा थर्मल नॉईज येतो ७ नॅनोव्होल्टच्या आसपास. एक मिलीअँपिअर करंट असेल तर आकडा ४ अंशांनी हलायला दीड मिलीव्होल्ट लागतात. म्हणजे दोन लाखपट! एवढा फरक 'नॉईज'च्या नावावर खपवायचा म्हणजे गल्लीतल्या नळाच्या थेंबाने मार्कंडेय नदीला पूर आला म्हणण्यासारखं.

उन्हाळ्याचं म्हणाल तर हिशेब केल्विनमध्ये (अंशांत २७३ मिळवून) होतो, वर त्याचं वर्गमूळ. २० वरून ४० अंशांवर गेलात तरी नॉईज वाढतो जेमतेम साडेतीन टक्के.

मेटल फिल्मबद्दल अर्धं खरं आहे. कार्बनमध्ये करंट वाहताना जादाचा नॉईज येतो, तो मेटल फिल्ममध्ये बराच कमी. पण तो थर्मल नव्हे. सारख्या ओहमचा, सारख्या तापमानाचा रेझिस्टर कशाचाही असो, थर्मल नॉईज तेवढाच.

शिल्डचा सल्ला तर स्वतःच्याच पायावर धोंडा. थर्मल नॉईज रेझिस्टरच्या पोटात तयार होतो, त्याला बाहेरून जाळी काय करणार? शिल्ड घातल्यावर आकडा थांबला तर चोर बाहेरचा होता, एवढंच सिद्ध होतं.

करंट दहापट केला की सिग्नल दहापट होतो, कबूल. पण सेन्सरमधली उष्णता शंभरपट होते, आणि तो भट्टीबरोबर स्वतःचीही गरमी सांगू लागतो.

नाव सारखं वाटतं म्हणून लोक आणखी एक गल्लत करतात. दोन वेगळे धातू जोडलेत आणि दोन्ही टोकांना तापमान वेगळं असेल, तर सर्किटमध्ये मायक्रोव्होल्टचा दाब उभा राहतो. तो थर्मल ईएमएफ. तो नाचत नाही, आकडा एका बाजूला सरकवतो. करंटची दिशा उलटून दोन्ही मापांची सरासरी काढली की तो गळतो. थर्मल नॉईजला ही युक्ती लागू नाही. तिथे बँडविड्थ कमी करा, नाहीतर सरासरी लांबवा.

मागे एका हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे असाच २०८ ते २१२ नाच चालला होता. मालक म्हणाले, "नॉईज हाय की ओ, मेसेज वाचला न्हाई काय?" मेसेज वाचून त्यांनी महागडी शिल्ड केबल ओढली होती, ती दोन्ही टोकांना अर्थ केलेली (जमिनीला जोडलेली), आणि ब्लोअरच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलीला टाय मारून बांधलेली. सेन्सरचं टोपण उघडलं. आत एक लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) काळा पडलेला, त्याचा स्क्रू बोटानेच फिरत होता, म्हणजे सांध्याचाच रेझिस्टन्स हलत होता. लग बदलला, स्क्रू आवळला, शिल्डचं भट्टीकडचं अर्थ सोडलं, केबल हातभर लांब नेली. आकडा २१० वर बसला. कार्डाला हातसुद्धा लावला नाही.